घोळाण्यातला पेरू

नारायणगावच्या धना-मेथी बाजारात मेथी किलोवर जात नाही, शेकड्यावर जाते. शंभर जुड्यांचा एक आकडा पुकारला जातो आणि त्या आकड्यात महिनाभर सांभाळलेला वाफा, उपटणाऱ्या बायांची मजुरी, टेम्पोचं भाडं, हमाली असं सगळं बसवावं लागतं. जुन्नर-आंबेगावचा हा पट्टा पुण्या-मुंबईला पालेभाजी पुरवतो. दिवाळीच्या आगेमागे पाऊस उघडतो, रात्री थंड होऊ लागतात आणि सगळ्यांचीच मेथी एकदम काढणीला येते. परतीच्या पावसाने आधीचे वाफे सडवले असतील, तर दिवाळीत जुडीला हात लावायची सोय नसते. वाफे वाचले असतील, तर डिसेंबरात तीच जुडी कुणी विचारत नाही. मजुरीही सुटत नाही म्हटल्यावर शेतकरी उभ्या मेथीत जनावरं सोडतो, नाहीतर रोटाव्हेटर घालतो. मेथी कडधान्यांच्या कुळातली, मुळांवरच्या गाठींत नत्र धरणारी. त्यामुळे गाडलेल्या मेथीचं जमिनीला खत होतं. शेतकऱ्याच्या पदरात तेवढंच पडतं.

कांदा चाळीत थांबतो, बटाटा शीतगृहात थांबतो. मेथीला थांबणं माहीत नाही. उपटल्यापासून दुसऱ्या दिवशी पानं मऊ पडतात, तिसऱ्या दिवशी पिवळी होतात. मऊ पडलेल्या मेथीची परतून भाजी होते, पराठे होतात, डाळमेथी होते. शिजवण्यात शिळेपणा झाकला जातो. कच्च्या मेथीचा घोळाणा मात्र ताज्या पाल्याचाच होतो. सोलापूर, सातारा, मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सगळीकडे तो आहे. कुठे घोळाणा म्हणतात, कुठे घोळणा. खुडलेली मेथी, कांदा, मीठ, तिखट, दाण्याचं कूट आणि वरून कच्चं तेल. चूल पेटवावी लागत नाही. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी हातावर घ्यायची, तिच्यावरच घोळाणा घ्यायचा आणि खायचं.

हिवाळ्यातल्या या पदार्थात आपल्याच मातीतली फळं घातली, की तो कुठल्याही देशाच्या उत्तम सॅलडच्या पंक्तीला बसतो, असं माझं ठाम मत आहे. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत हल्ली कडवट अरुगुला आणि संत्र्याच्या फोडी अशी बशी समोर येते. चांगली लागते, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण कडू पाला आणि गोड-आंबट फळ यांची जोडी जमवायला आपल्याला दूर जावं लागत नाही. दोन्ही एकाच हंगामात, कित्येकदा एकाच शिवारात उभी असतात.

आपल्या खाण्यात कच्च्या पाल्याची दोन घराणी आहेत. एक कोशिंबिरीचं. ती ताटाच्या डाव्या बाजूला, मीठ-लिंबू-चटणीच्या शेजारी, चमचाभर वाढायची. तिथे काकडी, गाजर, मुळा, कोबी यांचं राज्य. पाला आलाच तर कोथिंबिरीपुरता. दुसरं घराणं घोळाण्याचं. त्याला डावी-उजवी बाजू नाही, कारण तो जन्मला तिथे ताटच नव्हतं. तो भाजीच्या जागी असतो, मूठभर घेतला जातो आणि भाकरीबरोबर पोट भरतो. विजापूर-बेळगावकडे ज्वारीच्या रोट्टीच्या जेवणात कच्च्या मेथीच्या काड्या आणि कांद्याची पात अशीच सढळ हाताने ठेवलेली असते. पेरूची कोशिंबीर, डाळिंबाचे दाणे घातलेली काकडीची कोशिंबीर असं फळांचं काम पहिल्या घराण्यात रुळलेलं आहे; कडू पाला दुसऱ्या घराण्याने सांभाळला. मी या लेखात मांडतो आहे ती या दोन घरांची सोयरीक.

मुळात कडू म्हटलं की आपण ते घालवायच्या मागे लागतो. कारल्याला मीठ चोळून पिळायचं, मग गूळ घालायचा. मेथीच्या भाजीत चिमूटभर साखर. आणि तरीही वर्षातले दोन सगळ्यांत गोड दिवस आपण कडू चाखूनच सुरू करतो. नरकचतुर्दशीला कोकणात आणि गोव्यात पहाटेच्या अभ्यंगानंतर अंगठ्याखाली कारीट फोडतात, त्याचा रस जिभेला लावतात, मग फराळाला बसतात. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं गूळ, हरभऱ्याची डाळ, जिरं यांच्याबरोबर वाटून खातात. चव कशी बांधायची याची जाण या दोन्ही चालींत आहे. आधी कडू जिभेवर आलं की मागून येणारं गोड लख्ख कळतं.

मेथीचा कडूपणा तिच्यातल्या सॅपोनिन आणि ट्रायगोनेलिनसारख्या द्रव्यांचा. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे जवळजवळ पंचवीस प्रकारचे ग्राही आहेत, गोड ओळखायला मात्र एकच जोडी. यामागे कारण आहे. रानातली बरीचशी विषं कडू असतात. कडूची खूण वेळेवर पटणं हा जगण्याचा प्रश्न होता. म्हणून लहान मूल मेथी तोंडातून बाहेर काढतं, तेव्हा ते हट्ट करत नसतं, त्याची जीभ आपलं काम करत असते. पुन्हा पुन्हा, थोडी थोडी, आवडत्या पदार्थांबरोबर चाखली की हीच जीभ कडूला सरावते. घोळाण्यात फळ घालायचं माझं पहिलं कारण हेच आहे. डाळिंबाच्या दाण्यासाठी मूल हात पुढे करतं आणि त्याबरोबर दोन पानं पोटात जातात.

मिठाचं काम मात्र वरवर दिसतं त्याहून खोल आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशँप यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा, सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. कडू द्रव्य आणि साखर यांच्या मिश्रणात सोडियमचा क्षार घातला, की कडूपणा दबतो आणि त्याच्या सावटाखाली असलेली गोडी वर येते. गोडी वाढावी म्हणून आणखी साखर घालायची गरज राहत नाही. आपण पेरूला तिखट-मीठ लावून खातो, कैरीच्या फोडीला मीठ लावतो, ते काही फक्त सवयीने नाही. घोळाण्यातल्या मेथीजवळ पेरू आणि मीठ एकत्र आलं, की पेरू एरवीपेक्षा गोड लागतो आणि मेथी एरवीपेक्षा सौम्य. तिचा कडूपणा संपत मात्र नाही, आणि तो संपूही नये.

आता प्रत्यक्ष परातीकडे येऊ.

चौघांसाठी एक मध्यम जुडी पुरते. जुडी घेताना देठाकडे पाहायचं, पानाकडे नंतर. देठ कट्‌कन मोडला पाहिजे. वाकला तर जुडी कालची. लहान, गोलसर पानांची गावठी मेथी घोळाण्याला सगळ्यांत चांगली. मोठ्या, लांबट पानांची परतायला बरी. फुलं धरलेली जुडी घ्यायचीच नाही, फुलावर आलेलं झाड पानात जास्त कडू आणि देठात राठ असतं. निवडताना तीन पानांचा झुबका आणि त्याच्या मागची नखभर कोवळी दांडी खुडायची. सुरीने चिरायची नाही. चिरलेल्या पानातून हिरवा रस सुटतो, कडवटपणा सगळीकडे पसरतो आणि पाला परातीत लगदा होऊन बसतो. खुडलेलं पान अख्खं राहतं आणि दाताखाली आल्यावरच उघडतं.

धुण्याची पद्धत पाल्याइतकीच महत्त्वाची. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्यायचं, पाला त्यात सोडून हाताने हलवायचा आणि दोन मिनिटं थांबून पाला वर काढायचा. पातेलं चाळणीत उपडं करायचं नाही, नाहीतर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पाणी बदलून हेच पुन्हा, तळाला मातीचा कण दिसेनासा होईपर्यंत. शेवटी वाहत्या पाण्याखाली. मग पंच्यावर पसरून, वर दुसरा पंचा दाबून पाला कोरडा करायचा. ओल्या पानाला तेल धरत नाही, दाण्याचं कूट त्याच्यावर चिकटून गोळे होतात.

इथे थोडं थांबून कठोर बोललं पाहिजे. कच्चा पाला खायचा तर तो कुठल्या पाण्यावर वाढला हे विचारायलाच हवं. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेच्या मळ्यांत नाल्याच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी वर्षानुवर्षं विकली गेली आहे. ती शिजवूनही मी खाणार नाही. मैलापाण्यावरच्या पाल्यावर फितीसारख्या जंतांची अंडी येऊ शकतात, त्यातल्या डुकरामार्फत पसरणाऱ्या जंतांची अंडी पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि फेफरं येतं. मिठाच्या पाण्यात बुडवून ही अंडी मरत नाहीत. ती घासून, वाहत्या पाण्याने काढावी लागतात. म्हणून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर पिकवणारा ओळखीचा शेतकरी, आठवडी बाजारातली ओळखीची भाजीवाली, नाहीतर घरच्या गच्चीतल्या कुंड्या. कुंडीत मेथी अगदी सोपी आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरले, की आठवडा-पंधरवड्यात घोळाण्यापुरता पाला मिळतो. मुंबईच्या बाजारात ‘समुद्रमेथी’ म्हणून वाळूत वाढवलेली बोटभर उंचीची, पांढऱ्या देठांची मेथी छोट्या छोट्या जुड्यांत मिळते, ती याच वयाची. तिच्यात कडूपणा कमी असतो आणि रेती भरपूर. कच्चा पाला पहिल्यांदाच खाणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करावी.

पाला सुकतो आहे तोवर एक कांदा उभा, पातळ चिरून परातीत घ्यायचा. त्याच्यावर मीठ आणि लाल तिखट किंवा बारीक चिरलेली हिरवी मिरची. आता कांदा मुठीत धरून चुरायचा, चांगला रस सुटेपर्यंत. सगळं मीठ इथेच, कांद्याला लावायचं. पाल्यावर वरून मीठ भुरभुरलं तर ते पानातलं पाणी ओढून घेतं आणि भाकरी थापून होईपर्यंत पाला आंबलेल्या गवतासारखा लोळतो. कांद्याच्या खारट-तिखट रसातून मीठ पानाला हळू आणि सारखं लागतं. मग दोन चमचे घाण्याचं शेंगदाणा तेल, कच्चं. काही घरांत लसणीची फोडणी देतात. मला ती पटत नाही. गरम तेल पडलं तिथलं पान शिजतं आणि घोळाण्याचा सगळा जीव पान न शिजण्यात आहे. लसूण हवीच असेल तर कांद्याबरोबर एखादी पाकळी ठेचून घालावी.

त्यानंतर फळ, त्यानंतर पाला, सगळ्यांत शेवटी दाण्याचं कूट. कूट भरडच हवं, मिक्सरमधलं पिठासारखं नको. दाण्यातल्या स्निग्धपणामुळे कडू एकदम अंगावर येत नाही, आणि दाताखाली आलेला भरड तुकडा पानाच्या मऊपणाला बरोबरी देतो. हाताची बोटं सैल सोडून, खालून वर, चार-पाच वेळा घोळायचं. दाबायचं नाही. परात सरळ जेवणाऱ्यांपुढे. दही घालू नये, ते सगळ्या चवींवर पांघरूण घालतं. साखर तर मुळीच नको. फळ त्याचसाठी आहे.

फळ कुठलं, हे हंगामावर सोपवावं. दिवाळीनंतर पहिला मान पेरूचा. पूर्ण पिकलेला पेरू नको, त्याचा वास मेथीला गिळतो. हिरवेपणा सोडून पिवळट व्हायला लागलेला, अंगठ्याने दाबला तर खळगा न पडणारा पेरू घ्यावा. चार भाग करून बियांचा गाभा काढून टाकायचा आणि उरलेल्या गराचे सालीसकट पातळ काप करायचे. १०० ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. पालेभाजीतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. जेवणात क जीवनसत्त्व असलं की ते घेणं सोपं होतं. कच्च्या मेथीशेजारी कच्चा पेरू ही जोडी म्हणून चवीइतकीच पोषणाच्या दृष्टीनेही मला मोलाची वाटते.

या पेरूचं आणि डाळिंबाचं पुण्यातल्या एका जुन्या बागेशी नातं आहे. सावित्रीबाई फुले विद्यापीठाची मुख्य इमारत एकेकाळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान होती. त्याच परिसरात १८७३ साली गणेशखिंडीची बाग उभी राहिली. पुढे ती फळसंशोधनाचं केंद्र झाली. फळशास्त्रज्ञ डॉ. गं. सि. चीमा यांनी तिथे १९२७ मध्ये अलाहाबाद सफेदा पेरूच्या रोपांतून एक रोप निवडलं. तेच ‘लखनौ ४९’ किंवा ‘सरदार’, आजही महाराष्ट्रात भरपूर लावला जाणारा पेरू. त्यांनीच १९३६ मध्ये ‘आळंदी’ जातीच्या डाळिंबाच्या रोपांतून आणखी एक निवड केली. मऊ बियांचं हे डाळिंब १९७० मध्ये ‘गणेश’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं आणि अवर्षणी तालुक्यांत डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, त्यात त्याचा मोठा वाटा होता. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या लालभडक ‘भगवा’ने त्याची जागा घेतली, २००५ मध्ये सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आलं. गणेशखिंडीची ती बाग २०२० पासून जैविक वारसा स्थळ आहे. पुण्यात वाहनांच्या गर्दीत तिच्या कुंपणाजवळून रोज हजारो लोक जातात. त्यांच्या डब्यातल्या पेरूची फोड इथून निघाली, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

हंगामी फळ म्हणतो, तेव्हा तो हंगाम नुसता आकाशातून उतरलेला नसतो. आपल्या हवेत पेरू, डाळिंब, संत्रं ही झाडं वर्षात एकाहून अधिक वेळा फुलू शकतात. शेतकरी त्यातला एक बहार धरतो. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. पानं गळतात, झाड वाळल्यासारखं दिसतं. मग आळी खणून खत द्यायचं आणि मृगाच्या पावसाची वाट पाहायची. पाऊस पडला की झाड नव्या पालवीबरोबर फुलतं आणि फळ हिवाळ्यात हाती येतं. दिवाळीनंतरचा गोड, घट्ट पेरू आणि डाळिंब बहुतेक याच बहाराचं. पाऊस लांबला, तर ताणावर ठेवलेली बाग आणि तिचा मालक दोघेही अधांतरी राहतात. परातीतल्या मूठभर दाण्यांमागे मे महिन्यातला हा जुगार असतो.

संत्र्याचं वेळापत्रक वेगळं. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात येतो. मृग बहाराचं संत्रं फेब्रुवारीनंतर. आंबिया थोडं आंबट, म्हणून घोळाण्याला तेच जास्त चांगलं. फक्त एक गोष्ट पाळायची. संत्र्याच्या फोडीचा पापुद्रा सोलावा, बिया काढाव्यात, पण रस पिळून ठेवू नये. फळात एक चवहीन द्रव्य असतं, ते आंबट रसात मिसळलं की काही तासांत त्याचं लिमोनिन होतं आणि रस कडू पडतो. संत्र्याचा रस डबाबंद करणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. घोळाण्यात मेथीचा कडूपणा हवा, संत्र्याचा नको. म्हणून फोडी अगदी शेवटी, कुटाच्याही नंतर, वरून ठेवायच्या.

पाला म्हणून मेथीवरच अडून राहायचं कारण नाही. रब्बीच्या शिवारात कच्चे खायचे आणखी तीन पाले असतात आणि त्यातला एकही मुद्दाम भाजीसाठी पेरलेला नसतो. करडई सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. रोपं दाट उगवली की दोन-तीन आठवड्यांनी विरळणी करतात आणि उपटलेली कोवळी रोपं हीच करडईची भाजी. पुढे तिच्या पानांना काटे येतात. त्या काट्यांचाही उपयोग होता, ज्वारीच्या शेताभोवती करडईचे तास टाकले की गुरं आत घुसत नसत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांच्या जाती काढल्यावर तिच्यात उतरून हाताने काम करणं सोपं झालं. करडईचा पाला मेथीहून कमी कडू, किंचित तुरट आणि जरा उग्र वासाचा असतो. डाळिंबाबरोबर तो फार चांगला लागतो.

दुसरा हरभऱ्याचा. पीक वीतभर झालं की शेंडे खुडतात, म्हणजे फांद्या जास्त फुटतात आणि घाटे जास्त लागतात. खुडलेल्या शेंड्यांची भाजी करतात, वाळवून वर्षभर ठेवतात. हा पाला कडू नाही, आंबट आहे. त्याच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. पहाटे हरभऱ्यावर ओलं फडकं फिरवून ती ‘आंब’ पिळून घ्यायची, पोटदुखीवर औषध म्हणून बाटलीत भरून ठेवायची, हे जुन्या घरांत चालत आलेलं. घोळाण्यात मूठभर हरभऱ्याचे शेंडे घातले की लिंबू लागत नाही. मात्र हा पाला धुतल्यावर चाखून पाहावा, पाण्याने त्याचा बराचसा आंबटपणा निघून जातो.

तिसरी पाथरी. ही तण आहे. जमिनीला चिकटून चक्राकार पसरलेली, कातरलेल्या कडांची पानं, आणि मोडलं की दुधासारखा चीक. खुरपणी करणाऱ्या बाया ती बाजूला काढून ठेवतात आणि दुपारी बांधावर भाकरीबरोबर कच्चीच खातात. या पाथरीचं कूळ पाहिलं तर ती लेट्यूस आणि चिकोरीची जवळची नातेवाईक निघते. रोममध्ये हिवाळ्यात चिकोरीचे कोंब बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात कुरळे होईपर्यंत ठेवतात, म्हणजे कडूपणा थोडा उतरतो. मग लसूण, खारवलेले छोटे मासे, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. त्या बशीसाठी तिथले लोक वर्षभर वाट पाहतात. आपल्याकडे त्याच कुळातली वनस्पती खुरप्याखाली जाते आणि तणनाशकाचा फवारा आला तेव्हापासून खुरप्यापर्यंतही पोचत नाही. पाथरी विकत मिळावी असं मला मनापासून वाटतं. रानभाजी महोत्सव आता जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात, पण ते बहुतेक पावसाळ्यात. रब्बीच्या तणांची वेळ तेव्हा आलेली नसते. डिसेंबरातही असा एक बाजार भरायला हवा आणि विरळणीची करडई, हरभऱ्याचे शेंडे, पाथरी हे सगळं त्यात काढणाऱ्या बाईच्या नावावर विकलं जायला हवं. आज हा पाला मजुरीबाहेरचा, पदरात बांधून न्यायचा जिन्नस आहे. त्याला शेकड्याचाच का होईना, भाव मिळू दे.

सगळेच पाले कच्चे चालत नाहीत, हेही सांगायला हवं. अळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया असतात, तो कच्चा खाल्ला तर घसा धरतो. अनोळखी रानपाला तर ओळखणाऱ्या माणसाने दाखवल्याशिवाय तोंडात घालूच नये.

संक्रांतीपर्यंत फळांची आणखी भर पडते. सुगडात आपण काय काय भरतो ते आठवा: बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, भुईमुगाच्या शेंगा. पाला सोडला तर घोळाण्याचं बरंचसं साहित्य त्या मडक्यात असतं. गावरान बोरं आंबट-तुरट. ती ठेचून, बी काढून घालायची. ओल्या हरभऱ्याचे दाणे अख्खेच टाकावेत. ऊस मात्र चघळायचा जिन्नस, तो परातीत नको, शेजारी असू द्यावा. आवळा किसून चमचाभर घातला तर पुरतो, त्याहून जास्त झाला तर सगळं तुरट होतं. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची मिसळभाजी आणि बोरं घातलेला मेथीचा घोळाणा, असं जेवण ज्याने केलं नाही त्याने येत्या जानेवारीत जरूर करावं. कुटात थोडे भाजलेले तीळही घालावेत.

माघ संपत आला की उन्हं चढतात आणि मेथी भराभर फुलावर जाते. पानं बारीक होतात, कडूपणा बोचरा होतो, शेंगा धरतात. करडई तोवर काट्यांवर आलेली असते, हरभरा घाट्यांनी भरलेला. त्या दिवसांत बाजारात मृग बहाराची संत्री असतात आणि मुळ्याचा शेवटचा कोवळा पाला मिळतो. मुळ्याचा पाला खरखरीत, म्हणून तो खुडायचा नाही, हा एकच पाला सुरीने बारीक चिरायचा. कांदा थोडा कमी, दाण्याचं कूट थोडं जास्त आणि संत्र्याच्या फोडी दुप्पट.